वाढत्या अंगाची रायफल

माझ्या दिराने आयुष्यातली पहिली रायफल घेतली ती वाढत्या अंगाची. आमच्या कोल्हापुरात जूनमध्ये शाळेचा गणवेश घेताना दुकानदाराला सांगायची पद्धत होती, दोन बोटं मोठाच द्या, पोर वाढतंय. मग ते पोर वर्षभर बाह्या दुमडून हिंडायचं. दिराचं वय सेहेचाळीस. त्याची वाढ थांबून बरीच वर्षं झाली, बहुतेक सगळ्याच बाबतींत, पण सवय गेलेली नाही. जर्मनीत, झिंडेलफिंगेनला नवराबायको दोघंच राहतात आणि गाडी सात माणसांची. फ्रीज असा की दार उघडलं की स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरत नाही. "एकदाच घ्यायचं वहिनी, आणि मोठंच घ्यायचं." गाडी आणि फ्रीज हा त्याचा प्रश्न होता. रायफलीची किंमत मात्र मला मोजावी लागली.

शिकार मी नऊ वर्षं करते आहे. मटणासाठी करते, यात दुसरं काही शोधू नये. इथल्या सुपरमार्केटातल्या मांसाला ओल्या पुठ्ठ्याची चव असते. रानडुकराच्या मांसाला आपला मसाला सोसतो. परवान्याला, म्हणजे इथल्या याग्टशाइनला, मी एक वर्ष घातलं. दर मंगळवारी ऑफिसनंतर वर्ग, त्यात कायदा, जनावरांचे रोग, झाडांची पानं, आणि मेलेल्या कोल्ह्याचे दात बघून वय सांगणं. दिराने तीन आठवड्यांची रजा टाकून हॉटेलातला झटपट कोर्स केला आणि पास झाला. परवान्याची पुस्तिका दोघांना सारखीच मिळते.

पुस्तिका मिळाली तरी जंगल मिळत नाही. इथे जंगलाचा प्रत्येक तुकडा शिकारीसाठी कोणीतरी भाड्याने घेतलेला असतो, आणि त्या माणसाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे बंदूक घेऊन पाऊल टाकता येत नाही. माझी परवानगी एका निवृत्त जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून होती. श्वार्झवाल्डाच्या जंगलाच्या कडेचा एक उतार त्यांच्याकडे आहे. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. सहा वर्षं मी त्यांची मचाणं दुरुस्त केली, पायवाटा साफ केल्या, हिवाळ्यात मिठाचे दगड वर नेऊन ठेवले. दर मार्चला त्या परवानगीच्या कागदावर पुढच्या वर्षासाठी सही करायच्या. मैत्री वगैरे नव्हती. आम्ही एकमेकींना तुम्हीच म्हणायचो आणि दोघींना ते बरं वाटायचं.

नोव्हेंबरात त्यांच्याकडे एक हाकारा होतो, काही माणसं आणि कुत्रे रान उठवतात, बाकीचे मचाणांवरून मारतात. आठ-नऊ बंदुका, सगळ्या ओळखीच्या. दीर म्हणाला, "वहिनी, माझ्यासाठी एक शब्द टाका ना." मी टाकला. बाईंनी विचारलं, "तुम्ही सांगताय?" मी हो म्हणाले. "मग तो तुमचा पाहुणा," त्या म्हणाल्या. त्यांच्या जंगलात याचा अर्थ सरळ आहे. पाहुण्याने घाण केली तर ती आणणाऱ्याच्या नावावर जाते.

तर रायफल. जंगल कोणतं, जनावर कोणतं, अंतर किती आणि बंदुकीमागे माणूस कोण, एवढ्यावर काडतूस ठरतं. यातला शेवटचा प्रश्न पुरुष सोडून देतात. आमच्या उतारावर रानडुक्कर आणि कधीतरी लाल हरीण, म्हणजे आपल्या सांबराचा थंडीतला भाऊ. झाडी दाट, साठ-सत्तर मीटरपलीकडे काही दिसतच नाही. माझी रायफल आठ बाय सत्तावन्नची. काडतूस शंभर वर्षांहून जुनं, रायफल एका मेलेल्या दंतवैद्याची, सेकंडहँड. तिने एवढ्या वर्षांत माझ्या खांद्याची किंवा कुठल्या डुकराची तक्रार येऊ दिलेली नाही. गोळी बरगड्यांमागे योग्य जागी गेली की जनावर पन्नास पावलांत पडतं. नाही गेली तर गोळी केवढी होती याच्याशी जनावराला काही देणंघेणं नसतं.

हे मी दिराला गाडीत सांगितलं. त्याने मला लॅपटॉपवर तक्ता दाखवला. बारा काडतुसं, त्यांचा वेग, त्यांची ताकद, सगळ्यात मोठा आकडा हिरव्या रंगात. हा माणूस दिवसभर इंजिनांची तुलना करतो. संध्याकाळीही त्याला दुसरं काही येत नाही.

बंदुकांच्या दुकानदाराने हात मिळवला तो दिराशी. मला खुर्ची दिली.

"कशासाठी हवी?" त्याने विचारलं.

"मोठ्या शिकारीसाठी," दीर म्हणाला. जर्मनमध्येसुद्धा हे शब्द त्याने छाती काढून म्हटले.

"डुकरासाठी," मी म्हणाले. "साठ मीटरवरून."

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं आणि पाकीट कोणाच्या खिशात आहे ते ओळखलं. टेबलावर एकामागून एक रायफली आल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा जाड.

दीर माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाला, "वहिनी, तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. याने आफ्रिकेतला रेडा पडतो."

"आपल्या उतारावर रेडा कुठून येणार?"

"उद्या नामिबियाला गेलो तर?"

"भावजी, सहा वर्षांत तुम्ही आईंना भेटायला दोनदा गेलात. नामिबिया कुठून काढलात?"

"ते वेगळं."

"आणि दणका? खांद्याला घोडा लाथ मारल्यासारखं होतं याने."

"जिमला जातो मी."

दुकानदाराला संभाषणातला नामिबिया तेवढा कळला. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, तो आनंदाने म्हणाला.

मी दोन व्यवहाराच्या गोष्टी विचारल्या, दस्त्याची लांबी आणि ट्रिगर किती कडक आहे ते. त्याने उत्तरं दिराकडे बघून दिली. दिराने रायफल खांद्याला लावून भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या कोल्ह्यावर नेम धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. वर दुर्बीण घेतली ती चंद्रावरचे खड्डे मोजता येतील अशी. साठ मीटरवर डुक्कर त्यातून फक्त केस म्हणून दिसणार होतं.

हाकाऱ्याला यायचं तर रेंजवर सराव केल्याचा कागद लागतो. आम्ही शनिवारी सकाळी गेलो. तिथे रुळावरून पुठ्ठ्याचं डुक्कर पळतं आणि आपण मारायचं. दिराची पहिली गोळी छताच्या लाकडात गेली. दुसरी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. तिसरीनंतर तो म्हणाला, "स्कोप गंडलाय."

स्कोपला काही झालेलं नव्हतं. मी बाजूला उभी राहून त्याचा चेहरा बघत होते. गोळी सुटायच्या आधीच तो डोळे घट्ट मिटत होता, इंजेक्शनच्या सुईसमोर मुलं मिटतात तसे. मी म्हणाले, आणा, मी भरून देते. भरताना मध्ये एक खोटं काडतूस घातलं, सरावाचं, दारू नसलेलं. त्याने नेम धरला, चाप ओढला. आवाज झाला नाही. पण नळी वीतभर खाली गेली, खांदा पुढे आला आणि डोळे मिटले, हे सगळं शांततेत, आजूबाजूच्या चार माणसांसमोर.

"काडतूस फुसकं निघालं," तो म्हणाला.

मी ते खोटं काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं. "हे फुसकंच असतं, भावजी. तुम्ही दणक्याला घाबरताय. कोणीही घाबरेल, एवढ्या दणक्याला. माझी रायफल घेऊन या हाकाऱ्याला. उसनी देता येते, एका पानाचा कागद लागतो, बस."

"तुमची?" तो म्हणाला. मग, "फोटो गेलाय वहिनी ग्रुपवर."

गेला होता खरा. दुकानाबाहेर पार्किंगमध्येच काढलेला, रायफल आडवी, चेहरा गंभीर. घरच्या ग्रुपवर एकतीस माणसं आहेत. चुलतभावांनी विचारलं होतं, वाघ कधी? सासऱ्यांनी, वय ब्याऐंशी, आधी हात जोडले होते आणि मग एक वाघ पाठवला होता. आता हा माणूस दंतवैद्याची जुनी रायफल घेऊन कसा जाणार?

रेंजवाल्याने कागदावर शिक्का मारून दिला. त्यावर लिहिलं होतं की या गृहस्थांनी अमुक इतक्या गोळ्या झाडल्या. लागल्या किती, हे लिहायची सोयच त्या कागदावर नाही. दिराने तो घडी न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.

मी ब्रेकच्या सुट्या भागांची तपासणी करते. केसाएवढी चीर दिसली की लाल चिठ्ठी, विषय संपला. कोणाला काय वाटेल हा प्रश्न मला कामावर कधी पडलेला नाही. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, बाईंना फोन करून सांगते, याला बंदूक देऊ नका, हाकाऱ्यात नुसता चालू दे. नवरा कांदा चिरत होता. "अगं, आता असं सांगितलंस तर त्याला काय वाटेल? सगळ्यांना कळलंय. आणि पुढच्या आठवड्यात दिवाळीला इथेच येतायत सगळे."

मी फोन केला नाही. दिवाळी झाली, फराळ झाला, दिराने चार बेसनाचे लाडू खात पाहुण्यांना गोळीचा वेग सांगितला. मी चकल्या वाढल्या.

हाकाऱ्याच्या दिवशी धुकं होतं. दिराला माझ्यापासून दीडशे पावलांवरच्या मचाणावर बसवलं होतं. कुत्रे भुंकायला लागले, इकडेतिकडे आवाज झाले, आणि मग असा दणका की माझ्या डोक्यावरच्या फांदीचं पाणी अंगावर पडलं. लगेच दुसरा. मला तेव्हाच कळलं होतं.

हाकारा संपल्याचं शिंग वाजलं. "लागली वहिनी! शंभर टक्के!" तो वरूनच ओरडला.

जिथे डुक्कर होतं तिथे पाचोळ्यावर थोडं रक्त होतं आणि हाडाचा एक तुकडा. बाईंनी तो उचलला, बोटांत फिरवला.

"पायाचं हाड," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही," दीर म्हणाला. "या काडतुसाच्या एनर्जीने जनावर जागेवर पडायला हवं."

"मोठी गोळी पायाला लागली की पायच तुटतो," बाई म्हणाल्या. त्यापुढे त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

जखमी जनावराचा माग काढणारा माणूस आणि त्याची तांबडी कुत्री दुपारी दोनला आली. मी त्यांच्याबरोबर गेले, कारण पाहुणा माझा होता. अंधार पडेपर्यंत काटेरी झुडपांतून रांगलो, डुक्कर सापडलं नाही. रविवारी सकाळी पुन्हा. दिराचा मेसेज आला की खांदा सुजला आहे, हात वर जात नाही, तो येऊ शकत नाही. माग शेजाऱ्याच्या हद्दीत गेला, तेव्हा बाईंना त्या शेजाऱ्याला फोन करून परवानगी मागावी लागली. त्याच्याशी त्या कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. मी जवळ उभी होते. त्यांनी दोनदा माफी मागितली.

अकराच्या सुमारास कुत्रीने करवंदीसारख्या एका दाट जाळीत डुक्कर धरून ठेवलं. पुढचा पाय लोंबत होता. एक दिवस आणि एक रात्र ते तसंच चालत होतं. माग काढणाऱ्याने एका गोळीत संपवलं. त्याची रायफल छोटी, खरचटलेली, पट्ट्याच्या जागी दोरी. मांस तापाने खराब झालं होतं, सगळं टाकावं लागलं.

बाईंनी गाडीपाशी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. रेंजवर पाहिलं होतं. तो डोळे मिटतो."

"मग बोलला का नाहीत?"

"माझा दीर आहे."

त्यांनी यावर विचार केला, खरंच केला. मग म्हणाल्या, "मला चार भाऊ होते. एकालाही मी इथे आणलं नाही."

मार्चअखेर परवानगी संपली तेव्हा त्यांनी सही केली नाही. मी जंगलाच्या वाटेवरच्या फाटकाची किल्ली नेऊन दिली. त्यांनी त्यावरचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला आणि मला दारातच कॉफी विचारली, मी नको म्हणाले. घरी येते तोच दिराचा फोन. परवानगी गेल्याचं त्याला माझ्या नवऱ्याकडून कळलं होतं.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं तर एक शब्द बोलायचा होतात ना मला."

खोटं काडतूस हातावर ठेवलं ते याला पुरलं नव्हतं, पण बाईंना फोन मी केला नव्हता हेही खरंच होतं. म्हणून मी त्याला शिवी दिली नाही. नुसता फोन ठेवला. रायफल त्याच्या तिजोरीत आहे, तेल लावलेली. तीही मोठी, तिजोरी. पाच रायफली मावतात.

आता मी तासभर लांब एका दुसऱ्या गृहस्थांच्या जंगलात जाते, महिन्यातून दोनदा, पाहुणी म्हणून. डुकरं कमी आहेत, चढ जास्त. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या रायफलीकडे बघून कॅलिबर विचारलं. मी सांगितलं.

"हरणाला जरा लहान नाही का पडत?" ते म्हणाले.

मी विचारलं, सकाळी मचाणावर वारा कुठून येतो, म्हणजे आपला वास जनावराकडे कुठून जातो. त्यांना ते माहीत नव्हतं.