आतेची व्हिडिओतली जागा

आमच्या बाजार समितीने ट्यूटोरियलवर जितक्या बैठका घेतल्या, तितक्या बाजारातल्या संडासावर घेतल्या असत्या तर बायकांचे आशीर्वाद तरी मिळाले असते. विषय काय, तर चतुर्थीच्या बाजारात बसायची जागा यंदापासून मोबाईलवरच्या ॲपमधून घ्यायची, आणि ती कशी घ्यायची हे लोकांना शिकवायचं. लिहून, चित्रं काढून, की व्हिडिओ करून? मी डिचोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि गाव हाच, म्हणून मला फुकटात बोलावलेलं. फुकटच्या माणसाला बसायला कोपऱ्यातली मोडकी कदेल मिळते आणि चहा सगळ्यांच्या शेवटी.

सचिव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. गावच्या नाटकात राजाचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. त्यांनी एक पीडीएफ आधीच लिहून आणली होती. पहिलंच वाक्य, ‘वापरकर्त्याने प्रथमतः आपला भ्रमणध्वनी हस्तगत करावा.’ मी विचारलं, “सर, त्याआधी तो कोणाच्या हातात असतो?” सर हसले नाहीत.

दुसरे एक तज्ज्ञ. हरमलात खोली घेऊन राहतात आणि शॅकमध्ये समुद्राकडे पाठ करून लॅपटॉपवर काम करतात. एवढं भाडं भरून समुद्राकडे पाठ! ते म्हणाले, “लोकांना आजकाल धीर नसतो. छोटं रील करा, खाली गाणं टाका.” अहो, आमच्या बायका रात्रभर डोळे ताणून नाटक बघतात, सकाळी घरी येऊन भाकऱ्या भाजतात, त्यांना म्हणे धीर नसतो.

मी म्हटलं, “साधी चित्रं पाठवू. एका चित्रात एकच बटण, त्याच्यावर बाण. बाई अडली तर तिथेच थांबेल, बोट ठेवून बघेल. व्हिडिओ कोणासाठी थांबत नाही.” तज्ज्ञ म्हणाले, चित्रं फार जुनाट दिसतात. अध्यक्षांनी फक्त खाकरलं. चित्रांत अध्यक्ष दिसणार कुठून? तेव्हा ठरला व्हिडिओ. सुरुवातीला अध्यक्षांचे ‘दोन शब्द’. ते दोन शब्द संपेपर्यंत चुलीवरचा भात शिजून करपला असता.

पुढचं शिकवणं माझ्या आवाजात. त्यासाठी ॲपची एक सरावाची प्रत होती; तिच्यात काहीही भरलं तरी खरी जागा कोणाला मिळत नव्हती. नावाच्या रकान्यात मी ‘अबक’ घातलं, तर अध्यक्ष भडकले. “हा अबक कोण? आपल्या बाजारात बसतो? लोकांना आपलेपणा वाटायला नको? तुझ्या आतेचं नाव घाल.” सचिवांनीही मान डोलावली. मग मी आतेचं नाव घातलं, पिंपळाजवळचा तिचा नेहमीचा कोपरा निवडला, बटण दाबलं आणि गोड आवाजात म्हटलं, “बघा, झाली जागा तुमची!” ही सरावाची प्रत आहे असं आधी स्पष्ट बोलले होते. तज्ज्ञांनी ते वाक्य कापलं. म्हणे त्याने लय तुटते.

आते म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. वाळपईच्या वाटेवर डोंगराला लागून तिचं घर आहे. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळांची चौकट, म्हणजे माटोळी बांधतात, तिला लागणारी रानफळं आते विकते. कवंडळं, कांगणं, तोरिंगं, सुपारीच्या घोसांची शिपटं, सगळं रान तुडवून, जळवा काढत गोळा करायचं. विक्री फक्त चतुर्थीआधीचे दोन दिवस. ते गेले की कवंडळाला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. जागा नाही तर तिचं वर्षभराचं काम मातीत.

व्हिडिओ फोनोफोनी फिरला. आतेच्या दारापुढच्या बलकांवात वाड्यावरच्या बायका जमल्या, फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि सगळ्यांनी तो अध्यक्षांच्या दोन शब्दांसकट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. मध्ये थांबवायचा, मागे न्यायचा, बघत बघत आपल्या फोनवर करायचं, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. नाटक चालू असताना मध्येच उठणारा माणूस आमच्याकडे एक तर आजारी, नाही तर पुढारी. संपल्यावर आतेचा फोन आला, “बरो जालो गो! आवाज किती गोड तुझा!” मी मूर्ख, खूष झाले.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी सहज विचारलं, “आते, जागा केलीस ना?”

“अगो, ती झाली मगो! तूच केलीस. सगळ्या वाड्याने पळयली.”

मी लगेच फोन उघडला. ॲपवरची नोंदणी बंद होऊन गेलेली. यादी बघितली, तर पिंपळाजवळचा कोपरा प्लॅस्टिकची तोरणं विकणाऱ्या एका परगावच्या माणसाच्या नावावर. बाकी साऱ्या बायकांनी आपापल्या जागा कोणाच्या तरी पोराला धरून नीट घेतल्या होत्या, पण त्या कोपऱ्याला एकीनेही हात लावला नव्हता. आतेची जागा झाली, हे सगळ्यांनी बघितलंच होतं. तोरणवाल्याने तेवढा व्हिडिओ बघितला नव्हता, म्हणून त्याचं बरोबर झालं.

मी सचिवांकडे धावले. ते म्हणाले, “नियम म्हणजे नियम. व्हिडिओ हे केवळ उदाहरण.” मला इतका संताप आला, की त्यांची पीडीएफ तिथेच फाडली असती, पण पीडीएफ फाडता येत नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा आते पिंपळाखाली गोणपाटावर फळं मांडून बसलेली, आणि समोर तो तोरणवाला फोन दाखवत उभा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? सचिव आले. आतेने आपला फोन काढला आणि व्हिडिओ लावला. झालं! भोवती रिंगण जमलं. अध्यक्षांचे दोन शब्द सुरू झाले. एक माणूस हलला नाही. सचिवसुद्धा हात बांधून ऐकत राहिले, तोरणवालाही. शेवटी माझा आवाज आला, “बघा, झाली जागा तुमची!”

“आयकलां?” आते म्हणाली.

सचिव चिडले. “अगो बाये, ती खरी जागा नव्हे. ती तालीम होती, तालीम!”

शेजारी केळी घेऊन बसलेली म्हातारी कमरेवर हात ठेवून उठली. “मास्तर, तालमीत राजा तुम्हीच असता मरे? मग नाटकाच्या राती दुसरो कोण मुकुट घालून आयलो, तर तुम्ही उठून देतले?”

त्या मुकुटासाठी मास्तर किती जणांशी भांडले होते ते गावाला ठाऊक होतं. बायका हसून हसून लोळल्या. मग एकेकीने आपलं गोणपाट जरा जरा सरकवलं, तोरणवाल्याला केळीवालीच्या पलीकडे बसायला मिळालं आणि आते तिच्या कोपऱ्यात राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं शेवटचं शिपटंही गेलं. मला रडू आलं, आणि रडताना मी समितीला मनसोक्त शिव्या दिल्या.

चतुर्थी झाल्यावर बैठक. अध्यक्ष म्हणाले, “असा घोळ पुन्हा नको. घेतलेली जागा रद्द कशी करायची, याचा व्हिडिओ करा.”

“उदाहरणाला नाव कोणाचं घालू?” मी विचारलं.

सचिव चष्मा पुसायला लागले. तज्ज्ञ हरमलहून ऑनलाइन होते, त्यांचा कॅमेरा बंद झाला. मी म्हटलं, “मग अध्यक्षांचंच घालते. देवळासमोरचा त्यांचा दर वर्षीचा नारळांचा स्टॉल. लोकांना आपलेपणा वाटेल.” नाही म्हणायला तोंड हवं ना! “घाल, घाल,” ते म्हणाले, “सरावच तो.”

व्हिडिओ दुपारी गेला. चहाच्या वेळेला अध्यक्षीणबाईंचा फोन. “बाये, आमची देवळाकडची जागा गेली? दोघी जणी विचारून गेल्या, आता ती कोणाला मिळतली म्हणून.”

“वहिनी, व्हिडिओ पुरता बघितलात?”

“पुराय पळयलो गो, शेवटाक मेरेन.”

“मग गेली,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.