कडं आणि डाग

नलिनीबाईंच्या हाताखाली काम करताना सकाळी संगणक उघडला की आधी एक साधा तारा घ्यावा लागे. आमचं खरं काम क्वेसारचं. म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं असं तेजस्वी केंद्र, की त्याच्या झगमगाटात ती दीर्घिकाच दिसेनाशी होते. दुर्बिणीच्या चित्रातून तो झगमगाट वजा करायचा आणि मागे उरलेल्या उजेडात, विश्वाच्या बालपणी तारे कसे जन्मत होते ते शोधायचं. पण आधी तीच वजाबाकी साध्या ताऱ्यावर. ताऱ्याभोवती दीर्घिका नसते, म्हणून तिथे मागे काही उरलं, तर खोट आपल्या रीतीत.

ही सवय त्यांनी चाकणहून आणली होती. खगोलशास्त्रात येण्यापूर्वी त्या तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होत्या. "पहिला पीस पास झाल्याबिगर मशीन चालू करायचं न्हाई," म्हणायच्या. गाव चऱ्होली. शिकवताना भाषा छापील, पण राग आला की थेट गावाकडची. आणि राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्यांचं नाव झालं ते एका क्वेसारभोवती सापडलेल्या फिकट निळ्या कड्यामुळे. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचं कडं, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच्या जोरावर आकुर्डीच्या आमच्या कॉलेजात प्रकल्प आला. माझी पीएचडीही त्यावरच उभी. प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला बाहेरची समिती यायची होती, त्या सकाळी मी चाचणीला नेहमीचा तारा न घेता चित्राच्या कोपऱ्यातला, क्वेसारच्या शेजारचा घेतला. सहजच. वजाबाकी झाली आणि त्या ताऱ्याभोवती निळं कडं उरलं.

मी बाईंना हाक मारली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "परत कर." परत केलं. कडं तिथंच. नेहमीचा तारा चित्राच्या मधोमध होता. तिथे कॅमेरा चोख. कडेला मात्र उजेड पसरत होता, आणि आमचा क्वेसार होता कडेला. इतकी वर्षं आम्ही एकाच लाडक्या ताऱ्याला पास करत आलो होतो.

समितीच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या. "बाई, आज नको. आधी नीट तपासू, मग सांगू," मी अक्षरशः हात जोडले.

"आन् तवर त्यांनी खोट्या कड्याला मान डोलवायची व्हय? खराब माल आपल्या दारातनं गेलाय. माघारी आपूनच बोलवायचा."

त्या आत गेल्या आणि पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलं. मला त्यांचा अभिमान वगैरे वाटला नाही. भयंकर राग आला. प्रकल्प बंद पडला. बाईंनी जुना शोधनिबंध मागे घेतला. मी निगडीत शिकवण्या धरल्या आणि उरलेल्या वेळात, कोपऱ्यातले तारे घेऊन वजाबाकी नव्याने बसवत राहिलो. कडं नाहीसं झालं. पण एका बाजूला नखाएवढा निळा डाग काही केल्या जाईना. दुसऱ्या दुर्बिणीच्या चित्रातही तो होताच, म्हणजे तेवढे नवे तारे खरे होते.

नव्या निबंधाचा मसुदा घेऊन चऱ्होलीला गेलो. बाई आजारी होत्या, उशीला टेकून बसल्या होत्या. त्या डागाकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले. मग वर लेखकांत स्वतःचं नाव दिसलं आणि भुवया चढल्या.

"कडं खोटं होतं आन् ते मी छापलं होतं, हे कुठं लिवलंयस?"

"पहिल्याच परिच्छेदात."

त्यांनी तो सावकाश वाचला आणि कागद माझ्याकडे दिला.

"मग ऱ्हाऊ दे नाव."