ठाकूरद्वारचा पिवळा फेझंट

दापोलीहून निघताना गाडीच्या मागच्या सीटवर चार फुटांची लाकडी पेटी आडवी ठेवली. सोनेरी फेझंट (चीनच्या डोंगरांतला, कोंबड्याच्या कुळातला पक्षी) शेपटीसकट साडेतीन फुटांच्या आसपास भरतो आणि शेपूट दुमडलेली मला चालत नाही.

पेटीला भोकं कमी वाटली, म्हणून चिंचपोकळीत एका सुताराकडून आणखी पाडून घेतली. दुपारी गिरगावातलं ठाकूरद्वार गाठलं. फिलोमिनाबाईंची चाळ पाडणार आहेत. तात्पुरत्या मिळालेल्या खोलीला गॅलरी नाही, म्हणून त्या आपला फेझंट पीटर मला द्यायला तयार झाल्या होत्या. माझ्याकडच्या दोन माद्यांना नर नाही.

पीटर गॅलरीत ऐटीत फिरत होता. या जातीचा नर एरवी लालभडक पोटाचा. हा रंग बदललेल्या वाणाचा, पोटाशी थेट हळदीसारखा. मी त्याची शेपूट मापत होतो आणि बाई फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) वाढत होत्या.

"खा हो भाऊ. पण ऐका, संध्याकाळी तो वर चढला नाय, तर परत आणायचा. खाली बसून राहिला म्हणजे घाबरला. मी पोरीकडे ठेवीन, कुठं पण ठेवीन."

"सात फुटांवर आंब्याची फांदी बांधलीय. रानात हे झाडावरच झोपतात."

शेजारचे परबकाका दारातून हसले. "ह्येका रान खय म्हायत? कपड्यांच्या दांडीर झोपता मेलो. माझो पंचो रोज ह्येच्या पायाखाली!"

"तुमचा पंचा तरी कोण चोरणार?" बाई म्हणाल्या. पेटी बंद करताना मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दापोलीत ऊन उतरलं तशा माद्या फांदीवर गेल्या. पीटर खालीच. मान ताणून जाळीच्या कडेनं येरझाऱ्या घालत राहिला. अंधार पडत चालला आणि मला परतीचा रस्ता दिसू लागला. तेवढ्यात परबकाका आठवले. अंगणातला कपड्यांचा बांबू सोडवून फांदीशेजारी बांधला. पीटरनं नुसतं पाहिलं. मग खांद्यावरचा ओला पंचा त्यावर टाकला.

पंख फडफडले आणि स्वारी वर.

बाईंनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. "चढला?"

"चढला. माझ्या पंच्यावर."

त्या म्हणाल्या, "तो काढू नका हं."

फांदीची उंची मी बरोबर धरली होती, फक्त त्याचं रान गिरगावात होतं हे धरलं नव्हतं. पंचा तिथंच आहे. मी दुसरा घेतला.