बंगल्यावरचा खलाशी

सावळीराम गांगुर्डे चुलीजवळ जात नाही, ही गोष्ट देवळालीगावच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. बुद्धजयंतीला विहारामागं मोठाल्या पातेल्यांत भाजी शिजायची, कुणी कांदे चिरायचं, कुणी जाळ घालायचं. सावळीराम हंड्यामागून हंडे पाणी आणून द्यायचा, पण कुणी हातात पळी दिली की ती खाली ठेवून चालू पडायचा. बायको लताबाई माहेरी नांदगावला गेली की गडी दोन्ही वेळा शेव-मुरमुऱ्यांवर काढायचा. चहासुद्धा स्टेशनबाहेरच्या टपरीवर. लोक म्हणायचे, रेल्वेत कायम झाल्यापासून शेफारलाय. म्हणायला लोकांचं काय जातं! त्याच हातांनी चार वर्षं एका साहेबाचं अख्खं घर जेवू घातलं होतं, हे त्यांना कुठं माहीत होतं? आणि माहीत असलेल्यांना त्यात रागावण्यासारखं काही दिसत नव्हतं.

सावळीराम मॅट्रिक झालेला. बाप लहानपणीच गेला. आई मालनबाई नाशिकरोड स्टेशनबाहेर पाटीत पेरू-बोरं घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघत म्हणायची, "एकदा ह्या रेल्वेत चिकटला ना तू, की मी डोळं मिटाया मोकळी." आता रेल्वेत चिकटायचे सरळ रस्ते दोन. कारकुनी हवी तर मुंबईच्या रेल्वे कमिशनची परीक्षा द्या. खालची जागा हवी तर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात नाव घाला आणि बोलावण्याची वाट बघत बसा. परीक्षेत त्याचा निकाल लागला तो नापासाचा, आणि एक्स्चेंजचं बोलावणं काही यायचं नाव घेईना. तेव्हा तिसरा रस्ता दाखवला तो शेजारच्या काळूनं. काळू यार्डात खलाशी होता, म्हणजे हातोडा-पहार चालवणारा मजूर.

"सायबाला बंगल्यावर मानूस लागतो," काळू म्हणाला. "तो सायेब आपल्या पसंतीनं घेतो. ना परीक्षा, ना नंबर. पगार रेल्वे देती. कागदावर आपन खलाशी. पुढं सायबानं लिहून दिलं, काम चांगलं हाय, की स्क्रीनिंग. तीन सायेब टेबलामागं बसत्यात, तोंडी काहीबाही इचारत्यात, आन झाला तू कायम. मी बी तसाच झालो. माझीच जागा रिकामी हाय, जातो का?"

सावळीराम गेला. साल पंचाहत्तर. साहेब आणि मेमसाहेब उत्तरेकडचे, त्यामुळं गांगुर्डे म्हणजे कोण हे बाईंना आडनावावरून कळलं नाही. कळलं तोवर त्याच्या हातची चव जिभेला लागली होती, आणि जिभेपुढं बाटणंबिटणं सगळं गुंडाळून ठेवता येतं, हे त्या दिवशी सावळीरामला समजलं.

कामावर निघताना मालनबाईनं एकच गोष्ट सांगितली होती. "मन लावून कर. कुनाला नाव ठेवाया जागा देऊ नको." त्यानं दिली नाही. मेमसाहेबांनी एकदा दाखवलं की तो पदार्थ दुसऱ्यांदा त्यांच्याहून सरस करायचा. कुत्र्याला फिरवायचा, साहेबांच्या बुटांना पॉलिश करायचा, देवळाली कॅम्पात सायकल हाणत जाऊन पाव आणायचा. आणि साहेबांची म्हातारी आई, जिला सगळे माताजी म्हणत, तिला भरवायचा. माताजींच्या तोंडात दात नव्हता. त्यांच्यासाठी तो कागदासारखे पातळ फुलके करी, विस्तवावर टम्म फुगवी, तूप लावून डाळीत कुस्करी आणि चमच्यानं एकेक घास देई. रेल्वेचा नोकर म्हणून ज्याच्या नावानं पगार निघत होता, त्यानं रूळ पाहिला तो फक्त फाटक ओलांडताना.

एकदा दुपारी मालनबाई पाटीतले उरलेले पेरू घेऊन लेकाला बघायला बंगल्यावर गेली. मेमसाहेबांनी पेरू आत घेतले आणि तिला फाटकाजवळच्या आंब्याखाली बसवलं. खिडकीतून तिला दिसत होतं, आपला लेक कुणा परक्या म्हातारीच्या ओठांवरचं वरण पदरानं पुसावं तसं हळुवार पुसतोय. बाहेर तिला तांब्याभर पाणी मिळालं. सावळीरामनं एक फुलका कागदात बांधून ठेवला होता, पण बाई ओट्याशीच उभ्या राहिल्या आणि तो कागद तिथंच राहिला. घरी आल्यावर मालनबाई रिकामी पाटी उपडी घालून झोपी गेली. तो मात्र रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. साहेबांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "देखेंगे, देखेंगे." घरी आईचं उत्तरही ठरलेलं. "तुझंच काय तरी चुकत आसंल. एवढा मोठा सायेब, तो उगा कशाला अडवील? आजून मन लावून कर." दुसऱ्यांचा राग गिळता येतो, आपल्याच माणसाचा हा विश्वास गिळता येत नाही.

शेवटी तो काळूकडं गेला. काळू पोट धरून हसला.

"आरं, मी आठ महिन्यात सुटलो! कपबशा फोडल्या, डाळ करपवली, कुत्र्याला मोकाट सोडलं. बाई रडकुंडीला आली. पन खलाशानं डाळ करपवली म्हनून त्याला काढला, आसं कागदावर लिहिता येतं व्हय? युनियन इचारील ना, खलाशी डाळ कशापायी शिजवत व्हता? मंग सायबानंच झ्याक दाखला दिला आन मला कटवला. तू येडा हायेस. तू लय चांगलं करतो. चांगल्या मानसाला कोन सोडील?"

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला कळंल. मॅट्रिक हायेस ना!"

सावळीराम त्या दिवशी बंगल्यावर गेला तो डाळ करपवायचीच असं ठरवून. करपवलीही. मग माताजी "सावळी, भूख लगी" म्हणून हाक मारू लागल्या, आणि ह्यानं मुकाट्यानं पातेलं घासून दुसरी डाळ टाकली. स्वतःचा असा संताप त्याला जन्मात कधी आला नव्हता. चांगुलपणाचं जोखड मानेवर असं बसलेलं, की ते फेकायचं म्हटलं तर एका दात पडलेल्या म्हातारीला उपाशी ठेवावं लागत होतं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात साहेबांची बदली झाली. निरोपाचं जेवण होतं, मुंबईहून एक मोठे साहेब आले होते. सावळीराम वाढत होता. मोठ्या साहेबांनी चौथा फुलका घेतला आणि स्वयंपाक्याची तारीफ केली. मेमसाहेब खुलल्या. "इसको तो हम साथ ले जा रहे हैं," त्या म्हणाल्या. "पर्मनंट कर दिया तो भाग जाएगा ना!"

सगळे हसले. इतकं साधं, इतकं उघड, जेवता जेवता सांगण्यासारखं. चार वर्षं ह्या माणसाला झोप लागत नव्हती, आणि इथं तो लिंबाच्या लोणच्याबरोबर तोंडी लावायचा विषय होता.

सावळीरामनं हातातलं ताट टेबलावर आपटलं. फुलके मोठ्या साहेबांच्या मांडीवर जाऊन पडले.

"मैं खलाशी है साहब," तो ओरडला. त्याची हिंदी मोडकी होती, आवाज मोडका नव्हता. "कागज पे खलाशी है. मेरा काम खराब है तो निकालो. अच्छा है तो लिख के दो. दोनों नहीं करते, तो चार साल क्या करते थे?"

मोठे साहेब नॅपकिननं मांडी पुसत राहिले. त्यांच्याही बंगल्यावर कुणीतरी असाच खलाशी फुलके लाटत असणार, त्यामुळं त्यांना रागावताही येईना. "अरे भाई, कर दो इसका," एवढंच ते पुटपुटले. मेमसाहेब म्हणाल्या, "ऐसा आदमी अब मुझे घर में नहीं चाहिए." आतून माताजींनी हाक मारली. त्या एका हाकेला सावळीराम गेला नाही.

पंधरवड्यात स्क्रीनिंग झालं. टेबलामागच्या साहेबानं विचारलं, "हथौड़ा कभी पकड़ा है?" सावळीराम म्हणाला, "नहीं साहब. बेलन पकड़ा है." तिघंही हसले आणि त्याला पास केलं. साहेबांच्या दाखल्यात लिहिलं होतं, खलाशाच्या कामात तरबेज.

मालनबाईनं वस्तीभर पेढे वाटले. "मन लावून केलं लेकरानं, त्याचं फळ मिळालं," ती ज्याला त्याला सांगायची. सावळीराम किंचाळला, "चांगलं केल्याचं नाही मिळालं! ताट आपटल्याचं मिळालं!" तिनं कानांवर हात ठेवले. खाल्ल्या मिठाला असं बोलू नये म्हणाली. वाकायचं कसं हे तिला आयुष्यानं इतकं शिकवलं होतं, की आपल्या लेकाला लुबाडलंय हे तिच्या गळी उतरेना. त्या दिवसापासून त्यानं चुलीला पाठ दाखवली, आणि मायलेकांत तो विषय बंद झाला.

सत्त्याऐंशीत मालनबाईनं अंथरूण धरलं. दात केव्हाच गेले होते, भाकर दुधात भिजवली तरी हिरड्यांना लागायची. लताबाईनं पेज केली, भात मऊ केला, म्हातारी तोंड फिरवायची. एका सकाळी सावळीराम उशाशी बसला होता, तर ती हळूच म्हणाली, "त्या म्हातारीला तू कायतरी भरवायचा. खिडकीतून बघितलं व्हतं मी. तसलं मला दे की रं एकदा."

सावळीराम उठून अंगणात गेला. हात धुतले. मग आत आला आणि लताबाईच्या हातून लाटणं घेतलं. ती बघतच राहिली. आठ वर्षांत हात काही विसरला नव्हता, ह्याचा त्याला आधी आनंद झाला आणि लगेच संताप आला. फुलका फुगला. त्यानं तूप लावलं, डाळीत कुस्करला आणि घास आईच्या तोंडात दिला.

मालनबाईनं तो जिभेवर घोळवला, गिळला आणि लेकाकडं बघत राहिली.

"रोज आसंच करायचा तिथं?"

"रोज."

"मंग कशाला सोडतील रं तुला!" म्हातारीचे डोळे भरले, आणि जन्मभर साहेबांना हात जोडलेल्या त्या बाईच्या तोंडून शिवी बाहेर पडली. "मुडदा बशिवला त्या सायबाचा!"

सावळीरामनं डोळे पुसले आणि दुसरा फुलका लाटायला घेतला.