खुणेचे दगड

पडदा वर जातो तेव्हा समोर झाड नाही की घर नाही. चैत्राचं ऊन, खानापूरच्या पठाराची कड, आणि तिथून पुढे जमीन एकदम तुटलेली. खाली तांबूस मुरुमाची खोल घळ. तिच्या अंगाला चिकटून एक जुनी गाडीवाट वळणं घेत उतरते. वाटेच्या तोंडाशी आमच्या नाटक कंपनीने भाड्याने घेतलेली लॉरी. तिच्यात पडदे, पोशाखांच्या पेट्या, माझी पायपेटी, म्हणजे आमचं सगळं पोट. आणि दूर खाली एक उंच माणूस हातात लोखंडी सळई घेऊन पाठमोरा चालला आहे. तो नाथाजी.

साल १९४६. खरसुंडीच्या जत्रेत संध्याकाळी आमचा खेळ होता. नेहमीच्या रस्त्यावरची मोरी खचली होती, म्हणून नाथाजीने घळीतली वाट सुचवली. तो पलूसचा, नुकताच पलटणीतून सुटून आलेला. लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात ट्रक चालवायचा. साठवलेलं सगळं घालून त्याने ही जुनी लॉरी घेतली होती; ती गेली असती तर तोही गेला असता. बोलणं मात्र विचारल्यापुरतं.

त्या दिवसांत आमच्या मुलखात कोण कुणाचा माणूस, सांगता येत नसे. दरोड्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या. त्यात आमचे मालक आप्पासो. माणूस मनाने फार मोठा, पण जन्म गेला खलनायकाच्या भूमिका करण्यात. साध्या माणसाच्या चालण्यातही त्यांना कट दिसायचा. आणि नाथाजीचं वागणं होतंही चमत्कारिक. खाली वाकायचा, सळई जमिनीत खुपसायचा, कान लावायचा, मग वाटेवर दगडावर दगड ठेवून वळणाआड दिसेनासा व्हायचा.

"खुणा करतोय," आप्पासो माझ्या कानाशी म्हणाले. "मास्तर, तिसऱ्या अंकात मी दरोडेखोरांना अशीच वाट दाखवतो. विसरलात?"

आमची नायिका विजयमाला हसली. म्हणाली, "त्या अंकाच्या शेवटी तुम्ही मरता, आप्पासो."

नाथाजी धुळीने माखून वर आला आणि म्हणाला की सगळ्यांनी उतरून पायी पुढे जायचं. सामान लॉरीतच राहील, लॉरी तो एकटा आणील. आता कुणी हसलं नाही. आम्ही खाली आणि हा पेट्या घेऊन माघारी पळाला तर? आप्पासो म्हणाले, मी पेटीवर बसून येतो. नाथाजीने मानेनेच नकार दिला आणि ते उतरेपर्यंत इंजिन चालू केलं नाही.

चालणंही सोपं नव्हतं. एकीकडे उभी दरड, दुसरीकडे नजर ठरू नये अशी खोली. पायाखालचा मुरूम ज्वारीसारखा घरंगळायचा. विजयमाला चपला हातात घेऊन दरडीला अंग घासत चालली होती. आप्पासो सगळ्यांच्या मागे. का मागे राहिले ते तळाशी पोचल्यावर कळलं. दिसेल तो खुणेचा दगड त्यांनी पायाने खाली ढकलला होता.

"आता येऊ देत त्याचे सोबती," ते छाती काढून म्हणाले.

वर लॉरी घरघरली, हळूहळू उतरली आणि सगळ्यात अवघड वळणावर थांबली. नाथाजी बाहेर डोकावून बराच वेळ वाटेकडे पाहत राहिला.

"दगड कुनी हलीवलं?"

तो ओरडला नाही. घळीनेच आवाज मोठा करून आणला. मग त्याने तिथूनच सांगितलं. या वळणापासून खाली वाटेची बाहेरची कड पावसाने आतून पोखरली होती. वरून सपाट, खाली पोकळ. चाक कुठवर न्यायचं ते दगड सांगत होते. आता ब्रेकवरचा पाय काढला तर लॉरी घसरणार, त्यामुळे उतरून पुन्हा बघायची सोय नव्हती.

आप्पासोंचा चेहरा रंग पुसल्यासारखा झाला. दगड आपण हलवले, हे त्यांनी लगेच कबूल केलं.

"मग दगडाच्या जागी आता तुमीच हुबं ऱ्हावा," नाथाजी म्हणाला. "जितं लाथ मारली, तितंच."

हा आता त्यांना चिरडून सूड घेणार, असंच आम्हाला वाटलं. आप्पासोंनाही वाटलं असावं. पण ते वर गेले. रंगमंचावर नेमून दिलेल्या जागी कधीही उभा न राहिलेला हा नट दगडाचा ठसा शोधून त्यावर उभा राहिला. मागे पोकळ जमीन, समोरून येणारं लॉरीचं तोंड. ती हातभर अंतरावर आली की ते पुढच्या ठशाकडे उतरायचे. एकदा पाऊल किंचित बाहेर पडलं आणि टोपलीभर माती आतल्या आत गडप झाली. मग त्यांनी जमिनीवरून नजर काढली नाही.

लॉरी तळाशी आली. आप्पासो बॉनेटला टेकले. नाथाजीने त्यांना पाणी दिलं. हे आधी का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी वरनंच घरला गेला असता."

संध्याकाळी तिसऱ्या अंकात खुणेचा दगड ठेवण्याआधी आप्पासोंनी पायाने जमीन चाचपून पाहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे कंपनी बंद पडेपर्यंत नाथाजीच आमचा लॉरीवाला होता. सळईची गोष्ट मात्र मला पुष्कळ वर्षांनी, आमच्या शेवटच्या भेटीत कळली. वाळवंटात त्याच्या पुढचा ट्रक सुरुंगावर गेला होता. गुंडा नावाचा त्याचा जोडीदार तो चालवत होता. तेव्हापासून अनोळखी जमिनीवर उतरून पाहिल्याशिवाय त्याने चाक घातलं नाही.

त्या भेटीच्या दिवशी पलूसला त्याच्या दारामागे ती सळई उभी होती. नाथाजीचे डोळे अधू झाले होते, तरी मला पोचवायला काठी टेकत मोटारीपर्यंत आला. खिडकी धरून माझ्या तरुण ड्रायव्हरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला,

"मास्तर, ह्यो उतरून बघतो का?"