उलटा फिरणारा पंप

प्रभाकर सोनटक्के. माझ्या नावामागे आज जे 'डॉक्टर' लागतं, ते सर्वांत जास्त या माणसामुळे, म्हणून त्यांचं नाव आधी लिहितो. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीतलं पंप-हाउस त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. दीड महिन्यापूर्वी काकूंचा फोन आला. "दिनू, तुझे काका गेले रे… चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी पेपर आणेपर्यंत…"   पण तेव्हापासून काका आठवले की रडण्याआधी हसूच येतं, आणि त्यांना तेच आवडलं असतं.

मी मुलताईचा. वडील संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. काका वडिलांचे बालमित्र. बी.एस्सी.साठी भोपाळला आलो तेव्हा त्यांनी क्वार्टरचा व्हरांडा जाळी लावून बंद केला आणि तिथे माझी खाट टाकली. दारात पाऊल ठेवलं तोच म्हणाले, "या, डॉक्टर." काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोराला आधी पास तरी होऊ द्या." "पास तर होईलच. मी आपलं आगाऊ म्हणून ठेवतो," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी दुसरी हाक मारली नाही. भाजी आणायला पाठवतानाही, "डॉक्टर, जरा मेथी देखना." मला लाज वाटायची; त्या हाकेला मी कधी ओ दिली नाही, नुसता उठून पिशवी घ्यायचो.

पुढे मी समुद्रकाठच्या एका शहरात पीएच.डी.ला लागलो. विषय होता समुद्रातलं एक विष. फुलांसारख्या दिसणाऱ्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांत ते सापडतं. त्याचा थेंब हृदयाच्या स्नायूपेशींवर पडला की पेशी आखडते आणि सैल होणं विसरते. कॅल्शियम वाढलं की पेशी आखडते आणि ते बाहेर गेलं की सैल होते. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे ही ये-जा. विषानं कॅल्शियम वाढतं हे दिसत होतं, पण ते येतं कुठून? मी छातीठोकपणे लिहून दिलं होतं, की पेशीच्या आतला साठा फुटतो. मग औषध देऊन तो साठा आधीच रिकामा केला, विष घातलं, तरी कॅल्शियम वाढलंच. चार वर्षांचं काम एका दुपारी कोसळलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तीन महिने आहेत. दुसरी वाट दाखव, नाहीतर विषय सोडावा लागेल." मुलताईला हे कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी भोपाळला आलो.

सकाळी पोहे खाता खाता काकांना सगळं सांगितलं. वहीत चित्र काढलं. पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तो सोडियम आत घेऊन त्याच्या जोरावर कॅल्शियम बाहेर ढकलतो. मी बाण काढला, आतून बाहेर. काका चित्राकडे बघत राहिले. "आणि हे विष काय करतं?" मी म्हणालो, "ते आधी दुसरंच काहीतरी बिघडवतं. भिंतीला भोक पाडल्यासारखं होतं आणि आत सोडियम भरत जातं." काका उठले. "चप्पल घाल, डॉक्टर." काकू म्हणाल्या, "अहो, त्याचे पोहे…" "पोहे कुठे पळतात?"

त्या आठवड्यात आमच्या सेक्टरची उंच टाकी सकाळी रिकामी सापडत होती. पंप-हाउसमध्ये मोटर बंद होती, आवाज नव्हता. तरी पंपाचा दांडा फिरत होता. उलटा. "हात नको लावू," काका म्हणाले. "पाणी मागे येऊ नये म्हणून इथे एक वाल्व असतो. त्यात चिंधी अडकली आहे. वरचं पाणी याच पंपातून खाली येतंय. जोर जिकडून जास्त, तिकडून पाणी. तुझ्या वहीतला बाण कोणी काढला?"

"पुस्तकात तसाच असतो."

"वा. पुस्तकानं काढला म्हणून पाणी ऐकेल का? इतना पढ़ के भी…"

मी तिथेच उभा राहिलो. आत सोडियम साठलं तर तोच पंप उलटा फिरेल, सोडियम बाहेर टाकेल आणि बाहेरचं कॅल्शियम आत घेईल. हे पुस्तकातही होतं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं, लिहिलं होतं, गुण मिळवले होते. फक्त डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

निघताना काका म्हणाले, "आधी शून्य बघ." कुठल्याही मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याचा काटा शून्यावर येतो का, ते ते बघत. मी परत जाऊन आधी बिनविषाच्या पेशी पाहिल्या. शांत, नियमित. मग बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकलं आणि विष घातलं. कॅल्शियम वाढलं की चमकणारा जो रंग आम्ही पेशीत भरतो, तो चमकलाच नाही. कॅल्शियम बाहेरूनच येत होतं. मग बाहेर कॅल्शियम ठेवून तो पंपच औषधानं अडवला, तेव्हाही चमक जेमतेम. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "परत दाखव." त्या दिवशी मी ते सात वेळा दाखवलं.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला गेलो. त्यांनी काकांचा पान्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, माझं पत्र होतं. घडीवर ग्रीसचा अंगठा उमटलेला. "पंपावरच ठेवायचे," काकू म्हणाल्या. "नवीन माणूस आला की वाचून दाखवायचे. मग म्हणायचे, आता वाल्व साफ कर."

तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार,

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, कॅल्शियम उलट्या वाटेनं येत असेल हे तुम्हाला कशावरून सुचलं? मी म्हणालो, आमच्या वसाहतीतला पंप उलटा फिरताना पाहिला होता. ते हसले. मग मी फळ्यावर तुमचा पंप काढला, टाकी काढली, चिंधीसुद्धा काढली, पण बाण काढला नाही. हसू थांबलं. पुढचा अर्धा तास ते मला पंपाबद्दलच विचारत होते. शेवटी उभं राहून त्यांनी हात मिळवला.

कालच घरी फोन केला. आईनं पूर्ण गल्लीला पेढे वाटले. बाबा पेटी ठोकता ठोकता थांबले आणि त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच?"

सोमवारी हबीबगंजला उतरतो आहे. तुम्ही स्टेशनवर येऊ नका, मीच सरळ पंप-हाउसवर येतो. दहा वर्षं तुम्ही जी हाक आगाऊ मारत आलात, ती तिथे मारा. पंप चालू असताना मारा, काका, त्याच्या आवाजातही ऐकू येईल एवढ्या जोरात. या वेळी मी ओ देईन.

तुमचा,
दिनू