ब्रशातली वाळलेली बी

आमच्या धरमपेठेतल्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी गोपिका इम्पोर्ट कोऑर्डिनेटर आहे. हे ऐकून लोक ‘अरे वा’ म्हणतात आणि विषय बदलतात. कळलेलं काही नसतं. परदेशातून निघालेल्या मालाच्या मागावर राहायचं, कागद जुळवायचे, नागपूरच्या कंटेनर डेपोत कस्टमकडून तो सोडवायचा आणि मालकाच्या दारात पोचवायचा. मधे काही अडलं की शिव्या हिला.

गेल्या हिवाळ्यात मालक होते तिच्याच गावचे, नरखेडकडचे संत्रावाले. सगळ्यांनी मिळून स्पेनहून संत्री घासूनपुसून आकारानं निवडणारं मशीन मागवलं होतं. ‘नवं कोरं आणून देते,’ असा शब्द गोपिकानं काका मधुकररावांना दिलेला. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी, संत्री झाडावर तयार. आणि डेपोत पेटी उघडली, तर मशीनच्या ब्रशांतून संत्र्याची वाळलेली बी टपकली.

“हे वापरलेलं दिसतं,” कस्टमचे साहेब म्हणाले. “कागदावर नवं कसं?”

पाठवण्याआधी कारखान्यात फळं घालून चाचणी घेतात, हे तिनं सांगितलं. चाचणीचा व्हिडिओही दाखवला. पण त्याआधी मशीन किती चाललं, हे व्हिडिओत कसं दिसणार? साहेबांचंही बरोबरच होतं.

ऑफिसातले तिचे वरिष्ठ मुकुंद सर कंटाळले. “जुनं म्हणून लिहून दे, दंड भरू, मोकळे होऊ.”

“नवं आहे सर. जुनं काहून लिहू?”

संध्याकाळी माझ्या जिन्यात बसली. मला वाटलं, आता ही रडणार. मला रडारड सोसत नाही. पण हिनं गावी फोन लावला.

“काका, आपल्या जुन्या मशीनचा ब्रश काढून आणा.”

“काहून वं? नव्याले ब्रश नाही का?”

“आणा तर!”

सकाळच्या एसटीनं मधुकरराव फाटकात हजर. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला लांबलचक ब्रश. मी चहा विचारला.

“चहा मंग, बाई. पयले मशीन!”

डेपोत गोपिकानं तो ब्रश नव्या मशीनच्या ब्रशांशेजारी धरला. “साहेब, हात फिरवा. हा गावच्या जुन्या मशीनला गेल्या वर्षीच बसवलेला, एकच हंगाम चाललाय.”

जुन्याचे केस जनावरं बसून गेलेल्या गवतासारखे आडवे. नव्याचे ताठ, तळव्याला टोचणारे. साहेबांनी मशीनचा एकेक ब्रश चाचपला, मग हसले आणि शेरा मारला: मशीन नवीन.

गावात मशीन सुरू झालं त्या दिवशी मीही गेले. भाषणं संपेनात, तेव्हा मीच ओरडले, “अहो, बटण दाबा आधी!” संत्री चकाकत धावायला लागली. “आमच्या पोरीनं आणलं! नवं कोरं!” मधुकरराव भेटेल त्याला सांगत सुटले. मुकुंद सरही टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात एक संत्रं फुटलं, बिया ब्रशांवर उडाल्या. मधुकरराव फडकं घेऊन धावले.

“राहू द्या काका,” गोपिका म्हणाली. “आता होऊ दे त्याला जुनं.”